पहिल्या साखरेचे शब्द

मी एक जुनी लोखंडी काहील आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. तुमच्याकडे उसाचा रस आटवून गूळ करतात ना, तशी मी उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे आदिवासींच्या रानात मेपलच्या झाडांचा रस आटवते. बर्फ वितळायला लागला की झाडांना खाचा पाडायच्या, रस गोळा करायचा आणि माझ्या पोटात ओतायचा. उकळून, ढवळून ढवळून त्याची साखर होते.

पण ती पहिली साखर अशीच तोंडात टाकायची नाही, बरं का! आधी घरातल्या वडीलधाऱ्यानं झाडाच्या बुंध्याशी तंबाखूची चिमूट ठेवायची, आपल्या बोलीत झाडांचे आभार मानायचे, मग सगळ्यांनी खायचं.

फिलोमीन माझ्याच चुलीशेजारी वाढली. भारी बडबडी पोर! ती सात वर्षांची झाली आणि सरकारी माणसं तिला दूरच्या निवासी शाळेत घेऊन गेली. तिथं आपल्या बोलीतला शब्द निघाला की तोंडात साबण कोंबत. परतली तेव्हा पंधरा वर्षांची होती. साखरेच्या दिवसांत धीर करून चार वाक्यं बोलली, तर मावश्या हसल्या. "अगं बाई, ही तर अजून बाळासारखीच बोलतेय!" थट्टा मायेचीच होती, थट्टेशिवाय त्यांचा दिवसच जात नसे. पण पोरीनं तोंड मिटलं ते मिटलंच. पुढे लेकरं झाली, तीही तिनं इंग्रजीतच वाढवली. "शिकून काय करायचंय? मार खायचाय?" म्हणायची. म्हातारी माणसं एकेक करून गेली. आभार मानायला कुणी उरलं नाही, म्हणून साखर करणंच बंद पडलं. माझ्यात माती भरून फुलझाडं लावली. काहिलीत फुलझाडं! रडू यायचं मला.

गेल्या वसंतात फिलोमीनच्या नातीनं, मार्लिसनं, माती उपसून मला घासलं आणि पुन्हा चुलीवर चढवलं.

"आज्जे, आभाराचे शब्द तू म्हण ना."

"मला काही येत नाही."

मार्लिसनं तंबाखू पुढे केली. आमच्यात काही मागायचं तर तंबाखू द्यायची, आणि समोरच्यानं ती घेतली की त्यानं 'हो' म्हटलं. आजीनं दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

तेवढ्यात माझ्यातला पाक फसफसून वर आला, तसे दचकून आजीचे हात खिशाबाहेर आले. "धर गं जरा, उतू चाललंय!" म्हणत मार्लिसनं ती चिमूट आजीच्या हातात कोंबली आणि फेस बसवायला पाइनची फांदी घेऊन धावली.

ओंडक्यावर आजीचा चुलतभाऊ युजीन बसला होता. तोही त्याच शाळेतला. टाळी वाजवून ओरडला, "घेतलीस! फिलो, घेतलीस तू! आता सुटका नाही."

"मेल्या, ती नुसती धरायला दिली होती!"

"ते झाडांना सांग जा."

घेतलेली तंबाखू परत देता येत नाही. आजी झाडाशी गेली. बोलू लागली तर आवाज बारीक, लहान मुलीसारखा. चार वाक्यं झाली आणि ती थांबली.

"पुढचं मला ठाऊकच नाही," ती म्हणाली. "लहान पोरीला शिकवतात तेवढंच येतं. पुढचं शिकायच्या आधीच नेलं मला. ऐंशीची झाले, पण बोलायला लागले की बाळच. हसा आता."

माझा जीव नुसता टांगणीला लागला. युजीन म्हणजे मयताच्या घरीसुद्धा हसवणारा माणूस. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"कोण हसतंय? मला तेवढंही राहिलं नाही, फिलो. पुन्हा म्हण."

मार्लिस डोळे पुसत म्हणाली, "आज्जे, मी तर या बोलीत अजून पाळण्यातच आहे. मला सात वर्षांची तरी कर."

आजी पुन्हा म्हणाली. मग तिघं मिळून म्हणाली. त्या नादात साखर थोडी करपली, पण सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली.

मित्रांनो, मला काय, राखेनं घासलं की मी पुन्हा चुलीवर चढते. माणसाचं तसं नसतं. तुमच्या घरात कुणी आपली बोली अडखळत, चुकत बोलत असेल, तर तेवढं हसू आवरा. शेजारी बसा आणि म्हणा, पुन्हा म्हण.