कुरामोचींच्या घरातली शिट्टी

निवृत्त होताना तेइझो कुरामोचींना सहकाऱ्यांनी पितळी शिट्टी भेट दिली, ही सहकाऱ्यांची चूक. एकेचाळीस वर्षं उत्सुनोमियाच्या फलाटावरून गाड्या सोडलेल्या माणसाला शिट्टी द्यायची आणि गाड्या तेवढ्या काढून घ्यायच्या, म्हणजे घरच्यांनी जायचं कुठे?

जानेवारीचं विजेचं बिल चढून आलं आणि तेइझोंना गाड्या सापडल्या. बिल का चढलं, हे त्यांनी चष्मा न लावताच ओळखलं. घराचं कनेक्शन चाळीस अँपिअरचं. जितके अँपिअर जास्त, तितका दरमहाचा स्थिर आकार जास्त. त्यांनी वीज कंपनीला फोन करून ते वीसवर आणलं आणि मग घरात जाहीर केलं.

"वीसात भागायचं कसं?" बायको फुसाए म्हणाली. "भाताचा विजेचा कुकर एकटाच तेरा खातो."

"एकेरी मार्ग आहे असं समज. एका वेळी एकच गाडी."

फ्रिजवर वेळापत्रक लागलं. कोणतंही बटण दाबण्याआधी, रेल्वेच्या नियमाप्रमाणे, त्याच्याकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणायचं, "मार्ग मोकळा, बरोबर!" मग तेइझो शिट्टी देणार. शिट्टी झाली की चहाचं पाणी उकळणार.

तिसऱ्याच दिवशी मुलगी मिनोरीनं शिट्टीविना ड्रायर लावला. कुकर चालूच होता. मेन स्विच खाडकन पडला. मिनोरीचे निम्मे केस ओले राहिले, कुकरातला भात निम्मा कच्चा.

"लाल सिग्नल तोडलास!"

"बाबा, डोकं आहे माझं, मालगाडी नव्हे!"

"अहो, ऐका," फुसाए शांतपणे म्हणाली. तिचा शांतपणा तेइझोंना वादळाच्या इशाऱ्यासारखा वाटे. "पुढचं बिल कमी आलं नाही, तर शिट्टी माझ्याकडे द्यायची."

"आणि आलं तर?"

"तर जन्मभर वाजवा. मी कापूस घालीन कानात."

शिट्टी पणाला लागली म्हटल्यावर तेइझो पहाटे चारला उठू लागले. चार दहाला भात, चार पंचावन्नला विजेच्या किटलीत दिवसभराचं पाणी. कोणाच्या वाटेत येणं नको म्हणून भात नि पाणी रात्री नऊपर्यंत आपापल्या जागी गरम राहणार. महिनाभर मेन स्विच एकदाही पडला नाही. तेइझो छाती काढून हिंडू लागले. संडासातल्या कमोडची बैठकसुद्धा विजेवर तापणारी; तिथे गेले तरी आतून आवाज येई, "बैठक गरम, बरोबर!"

बिल आलं. स्थिर आकार सहाशे येननी कमी, एकूण रक्कम नऊशेंनी जास्त. या वेळी तेइझोंनी चष्मा लावला. आकडा तोच राहिला.

"कंपनीचं चुकलंय."

फुसाए त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि कुकरच्या दिव्याकडे बोट दाखवलं, अगदी नियमानुसार. "हा कधीपासून पेटलाय?"

"पहाटेपासून. भात गरम ठेवतोय."

"किटलीचा?"

"तोही."

"आणि संडासातली बैठक तुम्ही सगळ्यात गरमवर ठेवून झाकण उघडं टाकता. चोवीस तास. बरं मला सांगा, तुमच्या स्टेशनात एखाद्यानं डिझेलचं इंजिन सतरा तास चालू ठेवून गाडी सायडिंगला उभी केली असती तर?"

"तर त्याला मी जागच्या जागी निलंबित केला असता!" तेइझो गरजले. ते हाडाचे रेल्वेवाले. काय बोलून बसलो हे त्यांना मागाहून कळलं.

मग त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, दोन्ही हातांनी पुढे केली आणि कमरेत वाकले.

फुसाएनं पहिल्याच दिवशी कनेक्शन तिसावर नेलं. भात शिजला की डब्यांत भरून फ्रीझरमध्ये, कुकरची पिन भिंतीतून बाहेर. उकळलेलं पाणी थर्मासात. वेळापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मिनोरीनं वाणसामानाची यादी केली.

दुसऱ्या सकाळी तेइझो संडासातून बाहेर पडून चार पावलं गेले असतील नसतील, तोच मागून कर्कश शिट्टी झाली. इतकी स्वच्छ त्यांना एकेचाळीस वर्षांत कधी जमली नव्हती.

ते मागे फिरले. बोट दाखवलं.

"झाकण बंद, बरोबर!"