तिसऱ्या चक्रीचा दात

माझी सायकल माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे. चौकट इटालियन, हिरवी, अजून ठणठणीत. बाकी सगळं झिजलेलं. पुढच्या चेनव्हीलचे दाते माशाच्या काट्यासारखे टोकदार झाले होते, चेन लोंबत होती, आणि चढावर जोर दिला की मागच्या चाकाच्या दातेरी चक्र्यांवरून घसरायची. मागच्या वर्षी आम्हा साठीपुढच्यांच्या सायकल-फेरीत नेफासीतचा घाट मी अर्धा चढलो आणि उरलेला अर्धा सायकल ढकलत आलो. यंदा तसं होऊ द्यायचं नव्हतं.

माझी मुलगी सेनाइत इटलीत, बोलोन्यात असते. तिनं तिकडच्या एका जुन्या दुकानातून न वापरलेलं सामान शोधून पाठवलं: चेनव्हील, पाच चक्र्यांचं फ्रीव्हील आणि एक नवी चेन.

बसवायचं काम झेरेझगीचं. मेदेबेरच्या भंगार बाजारामागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे, आणि चाळीस वर्षं आम्ही एकमेकांच्या चाकामागे सायकल चालवली आहे. सामान दाखवायला नेलं तेव्हा त्यानं ते फ्रीव्हील तळहातावर तोललं आणि म्हणाला, असलं आता कुठे मिळतं. मग खाली ठेवलं, पण फार हळू ठेवलं. ते हळू ठेवणं माझ्या डोक्यात बसलं.

आमच्या अस्मारा शहरात मिस्त्रीकडे सामान देण्याआधी ते बदललं जाऊ नये म्हणून प्रत्येक जण त्यावर कानशीनं खूण करतो, बाजूच्या सपाट जागेवर. मिस्त्रीलाही ते ठाऊक असतं, कुणी वाईट वाटून घेत नाही. पण मी विचार केला, मिस्त्रीला ठाऊक असलेली खूण काय कामाची? चेनव्हीलवर रिवाजाप्रमाणे केली. फ्रीव्हीलवर मात्र तिसऱ्या चक्रीच्या एका दातावर केली, आतल्या अंगानं, चेनखाली झाकली जाईल अशी. घाटात मी तीच चक्री वापरतो.

फेरी रविवारी होती. मंगळवारी मी सायकल ताब्यात घेतली. झेरेझगीनं धुऊन पुसून ठेवली होती, तेही मला जरा जास्तच वाटलं. शहराबाहेर पहिल्याच चढावर तिसऱ्या चक्रीवर चेन टाकली, जोर दिला, आणि टक. पाय रिकाम्यात गेला. पुन्हा जोर, पुन्हा टक. नवं सामान असं करत नाही. रस्त्याच्या कडेला ओणवा होऊन खूण शोधली. सगळीकडे काळं ग्रीस, खूण काही दिसेना. माझं फ्रीव्हील त्यानं ठेवून घेतलं आणि भंगारातलं एखादं बसवलं, याबद्दल मला तेव्हा शंकाच उरली नाही.

संध्याकाळी फेरीतले आम्ही सगळे लेतेब्रहानच्या कॉफीच्या दुकानात बसलो. चोर हा शब्द मी काढला नाही. एवढंच म्हणालो, की फेरीआधी आपापलं फ्रीव्हील बघून घ्या. हब्तेआब आमच्यात सगळ्यात थोरला. तो म्हणाला, "कालच झेरेझगीनं दुकानाला नवं कुलूप लावलंय. आत काय आहे एवढं?" दुसऱ्या दिवशी चौघांनी झेरेझगीकडून आपल्या सायकली उचलल्या.

गुरुवारी मी गेलो तेव्हा दुकानातले सायकली टांगायचे आकडे रिकामे होते. झेरेझगीनं विचारलं काय झालं, मी सांगितलं चेन उडते. त्यानं सायकल टांगली, एका हातानं चाक थोडं अडवून धरलं आणि दुसऱ्यानं पेडल फिरवलं. टक. टायरवर जिथे टक झालं तिथे खडूनं रेघ मारली. पुन्हा फिरवलं. रेघ त्याच जागी आली आणि टक. म्हणजे दोष चेनमध्ये नाही, चक्रीतच.

त्यानं चाक काढलं, चक्र्या रॉकेलच्या ब्रशनं घासल्या आणि उजेडात धरल्या. तिसऱ्या चक्रीवर माझी खूण चकाकत होती.

त्यानं दातावरून नख फिरवलं. "कानशीनं काठ वर आलाय," तो म्हणाला. "जुनी चेन रुंद, तिला कळलंसुद्धा नसतं. ही अरुंद आहे, ती यावर चढते आणि सुटते." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सेनाइतनं पाठवलं तेव्हापासूनच असेल."

तो मला सुटायला वाट देत होता की पकडत होता? मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो ब्रश झटकत होता.

"मी केलीय," मी म्हणालो.

"दातावर?"

"हो."

"वेल्दू, गाढवा, साठ वर्षं सायकल चालवतोस."

त्यानं बारीक कानशीचे तीन हात मारले, चाक परत बसवलं, फिरवलं. आवाज गेला. मग त्यानं रिकाम्या आकड्यांकडे मान केली. "आणि हे?"

कॉफीच्या दुकानात काय बोललो ते मी सगळं सांगितलं. त्यानं फडक्यानं हात पुसले.

"मग तिथेच जाऊन सांग," तो म्हणाला. "मला कशाला सांगतोस?"

गेलो. उभ्यानंच सांगितलं, खूण माझी, चूक माझी. हब्तेआबनं कपात साखर ढवळली आणि विचारलं, "त्यानं तुला गप्प बसायला काय दिलं?" बाकीचे हसले. तो हसला नाही. झेरेझगीकडे सायकल परत न्यायला कुणी उठलं नाही.

शुक्रवारी सकाळी घाटावर शेवटचा सराव करायचा होता. तो सोडून मी झेरेझगीच्या दुकानी गेलो आणि रस्त्यावरून दिसेल अशा बाहेरच्या आकड्याला माझी हिरवी सायकल टांगली. खाली स्टूल ओढून बसलो. हब्तेआब पलीकडून जाताना थांबला, बघत राहिला, मग गेला.

झेरेझगी बाहेर आला. "आता काय बिघडलं?"

"काही नाही. रविवारपर्यंत इथेच राहू दे."

"आणि सराव?"

"राहिला."

तो आत गेला आणि पान्हा घेऊन आला. चाकापासून हँडलपर्यंत एकेक नट हातानं चाचपू लागला, डोळे बारीक करून.

"आधी सांग," तो म्हणाला, "अजून कुठे कुठे खुणा केल्यायस?"

"चेनव्हीलवर एक आहे," मी म्हणालो. "पण ती बाजूला आहे."

त्यानं वाकून ती स्वतः बघितली.