तिसरं बटण

माकणीचे पाहुणे विहिरीच्या काठावरून आत वाकले, तेव्हा महालिंगप्पा तळाशी एका दगडावर बसून गिटार वाजवत होता. शेजारी ट्रॅक्टरची बॅटरी, जुन्या रेडिओच्या खोक्यात त्यानं स्वतः बसवलेला अँप्लिफायर आणि सगळीकडे भेगाळलेला चिखल. पाहुणे खरं तर मुलाच्या लग्नाचा बँड ठरवायला बेंबळीत आले होते आणि बँडचे चेअरमन तात्याराव यांच्याशी त्यांची घासाघीस चालू होती. पण रस्त्यावरून जाताना जमिनीतून आवाज यायला लागला, म्हणून सगळेच थांबले होते.

"आमाला वरातीत ह्योच आवाज पायजे," पाहुणे म्हणाले, आणि घासाघीस तिथंच संपली.

तात्यारावांनी लगेच होकार दिला. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा बाणा. हा आवाज महालिंगप्पाचा कमी आणि विहिरीचा जास्त आहे, हे त्यांच्या लक्षात यायला संध्याकाळ झाली.

महालिंगप्पा बँडचा गिटारवाला, पण धंद्यानं पंप-मोटारीचा मेकॅनिक. विहिरीत पाणीच नसेल तर मोटार कोण दुरुस्त करून घेणार? दुष्काळानं त्याला पार रिकामा करून टाकला होता. म्हैस चारा छावणीला गेली, तशी शांतम्मानं नवऱ्याची गिटारही घराबाहेर काढली. दिवसभर ते टुणटुण ऐकून तिचं डोकं उठायचं. मग हा उठला आणि सवयीनं विहिरीत जाऊन बसला. उभा जन्म विहिरीत उतरण्यात गेलेला, त्याला तिथं घरच्यासारखं वाटे. शिवाय तिथं एक सूर छेडला की विहीर तो चार वेळा परत देई. घरी पत्र्यासारखी वाजणारी गिटार तिथं गायला लागे.

त्या वर्षांत जिल्ह्यात ज्याला त्याला सहकाराचं वारं लागलं होतं. ऊस सहकारात, दूध सहकारात, कोंबड्यासुद्धा सहकारात. मग बेंबळीच्या बँडनं तरी मागं का राहावं? त्यांनीही संस्था काढली. वाजवणारा प्रत्येक जण सभासद, प्रत्येकाला एक मत, आणि लग्नाच्या मिळकतीत सगळ्यांचा सारखा वाटा. तात्यारावांना एकही वाद्य येत नव्हतं, म्हणून त्यांना एकमतानं चेअरमन केलं होतं.

माकणीच्या वरातीसाठी तातडीची सभा बसली. वरात विहिरी-विहिरींवरून न्यावी, अशी एक सूचना आली. दुसऱ्यानं सांगितलं की महालिंगप्पाला हातगाडीवर पाण्याच्या रिकाम्या टाकीत बसवावं. ही सूचना मंजूर होऊन तिची तालीमही झाली. टाकीतून खुराड्यात मांजर शिरल्यासारखा आवाज आला आणि महालिंगप्पाला बाहेर काढताना त्याच्या सदऱ्याची बाही फाटली. शेवटी ढोलवाल्या शरणबसप्पाला आठवलं, की सोलापुरात गिटारला जोडायची एक डबी मिळते. पायानं दाबली की पाहिजे तसा आवाज निघतो.

महालिंगप्पाला ते माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी एका ऑर्केस्ट्रात त्यानं तशी डबी लांबून पाहिली होती आणि तेव्हापासून तिचा ध्यास घेतला होता. पण मागणार कोणत्या तोंडानं? आता ती आपल्या पायाशी येऊन बसणार, या कल्पनेनं त्याला त्या रात्री भाकर गोड लागली नाही.

संस्थेचा एक नियम होता. वस्तू ज्याला वापरायची, त्यानं ती एकट्यानं विकत घ्यायची नाही. त्यामुळं खरेदी समिती नेमली गेली. चेअरमन म्हणून तात्याराव, जाणकार म्हणून महालिंगप्पा आणि सगळ्यांत वडीलधारे म्हणून आबाराव. आबाराव म्हणजे बँडचं क्लॅरिनेट. बेंबळी-ढोकी भागातल्या निम्म्या नवऱ्यामुलांना त्यांनी मांडवापर्यंत पोचवलं होतं. आता पुढचे दात गेले होते आणि दमही पुरत नव्हता, पण ते कुणी तोंडावर बोलत नसे.

सोलापूरच्या दुकानात तात्यारावांनी आधी एक लोखंडी खोकं उचलून पाहिलं. फवारणीचा पंप असो की तराजू, ते कोणतीही वस्तू वजनावर पारखत. खोकं चांगलं जड होतं. "ह्ये घेऊ. पिढ्यान् पिढ्या टिकंल," ते म्हणाले. दुकानदारानं सांगितलं की त्यातून फक्त विहिरीसारखा घुमारा निघतो, बाकी काही नाही. मग त्यानं काचेच्या कपाटातून टिफिनच्या डब्याएवढी एक जपानी डबी काढली. इतक्या हलक्या वस्तूला एवढी किंमत ऐकून तात्यारावांना ती फसवणूकच वाटली.

"ह्याच्यात सगळं आहे," दुकानदार म्हणाला आणि त्यानं डबी जमिनीवर ठेवून गिटार महालिंगप्पाच्या हातात दिली.

महालिंगप्पानं पहिलं बटण दाबलं, तर दुकानात विहीर आली. दुसरं दाबलं, तर सूर पाण्यावरच्या उन्हासारखा थरथरायला लागला. तिसरं दाबल्यावर तारेचा आवाज भरून, जाडसर होऊन, फुंकल्यासारखा निघाला. गिटार लांबलचक श्वास घेऊन गात होती. महालिंगप्पाचे डोळे आपोआप मिटले. बावीस वर्षं तो ज्या आवाजासाठी तारा ओढत होता, तो हाच. आपण एवढं चांगलं वाजवतो हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि बायकोनं हे एकदा ऐकावं असं त्याला फार वाटलं.

डोळे उघडले तेव्हा तात्याराव बोटांवर हिशेब करत होते. डबी एक, आवाज अनेक. त्यांच्या चेहऱ्यावरची शंका कुठल्या कुठं पळाली होती.

"महालिंगप्पा, ही तर आख्खी बँड पार्टी हाय की. मग यवढी माणसं कशाला पोसायची? दुष्काळाचं दिस. तोंडं कमी, वाटा मोठा." मग आबारावांकडं वळून ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "आबा, तुमाला बी आता आराम पायजेच की."

 आबाराव डबीच्या जवळ आले आणि खाली वाकून बघू लागले.

"महालिंगा, ते तिसरं बटण दाब की परत."

महालिंगप्पानं दाबलं. त्याला ते नको होतं, पण आबांचा शब्द मोडवेना. त्यानं वरातीतली नेहमीची ओळ वाजवली, जी आबा क्लॅरिनेटवर वाजवत. डबी कुठंही अडखळली नाही. आबाराव शेवटच्या सुरापर्यंत मान हलवत ऐकत राहिले.

"तरुणपणी म्या अस्संच वाजवत हुतो," ते म्हणाले. "बेस हाय डबी."

तात्यारावांनी दुकानातच मतदान घेतलं. नियम तो नियम. हलक्या डबीच्या बाजूनं त्यांनी स्वतःचा हात वर केला. विरोधात कोण, असं विचारल्यावर आबारावांनी हात जरा उशिरानं आणि जेमतेम खांद्यापर्यंत उचलला. आत्ताच डबीला चांगली म्हणून आता तिच्याविरुद्ध हात वर करताना त्यांना शरम वाटत होती. दुकानदार हे सगळं आ वासून बघत होता. एकाला एक मत झालं, आणि दोघंही महालिंगप्पाकडं बघायला लागले.

महालिंगप्पाचा पाय अजून तिसऱ्या बटणावर होता. हात वर केला की डबी त्याची. त्याला तात्यारावांचा राग आला, आबारावांचा आला आणि सगळ्यांत जास्त त्या पायाचा आला, कारण तो निघतच नव्हता. शेवटी त्यानं तो ओढून काढला, डबी उचलून पालथी केली आणि मोटारीला कान लावतात तसा तिला कान लावला.

"ह्याच्यातली तार लई बारीक हाय, तात्या," तो म्हणाला. "आपली हातगाडी खड्ड्यात आदळती, बॅटरीचा करंट उसळतो. पयल्याच वरातीत जळंल ही."

दुकानदार कळवळून सांगू लागला की असं काही होत नाही, पण त्याचं कोण ऐकतो? महालिंगप्पानं जळेल म्हटलेली एकही मोटार बेंबळीत आजवर वाचली नव्हती. तात्यारावांनी आपला हात खाली घेतला. सहकारात विरोध नोंदवलेला बरा दिसत नाही, म्हणून लोखंडी खोकं एकमतानं मंजूर झालं.

परतीच्या एसटीत आबारावांनी पेरू फोडून मऊ गराची अर्धी फोड महालिंगप्पाला दिली. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत बसले होते. तुळजापूर गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "महालिंगा, ती खरंच जळली असती व्हय?"

"जळली असती, आबा."

"बरं झालं मंग," आबाराव म्हणाले, आणि पुन्हा बाहेर बघू लागले.

घरी खोकं जोडून महालिंगप्पानं शांतम्माला ऐकवलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"ह्यो तर हिरीतलाच आवाज. यवढ्या लांब जाऊन ह्येच आणलं व्हय? हिर काय वंगाळ हुती?"

"हिरीत आता टँकरचं पाणी सोडत्यात," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. त्याच आठवड्यात सरकारी टँकर गावात आला होता आणि त्याचं पाणी त्याच विहिरीत ओतलं जात होतं. बायका पोहरे टाकून ते पुन्हा वर ओढत. त्याच्या दगडावर आता गुडघाभर पाणी होतं. शांतम्मानं नवऱ्याच्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली. गिटार मात्र तिनं त्या दिवसापासून घरात राहू दिली.

माकणीची वरात दणक्यात निघाली. हातगाडीवर फळी टाकून महालिंगप्पाला बसवलं होतं, पायाशी लोखंडी खोकं होतं. खड्ड्याखड्ड्याला गाडी आदळत होती आणि खोक्याला काही होत नव्हतं. नवरदेवाचा बाप गाडीशेजारून चालत, ही आमच्या पसंतीची विहीर, असं भेटेल त्याला सांगत होता. पुढं आबाराव क्लॅरिनेट वाजवत होते.

वेशीजवळ नेहमीची ती ओळ आली. आबारावांनी वरचा सूर धरला, तो थरथरला आणि दातांच्या फटीतून निसटून गेला. त्याच क्षणी महालिंगप्पाचा उजवा पाय आपोआप खोक्याच्या पलीकडं सरकला आणि रिकाम्या फळीवर दाबला गेला. तिथं तिसरं बटण नव्हतं. त्यानं मग एकच तार छेडली. खोक्यानं ती पुन्हा पुन्हा परत दिली, आणि तेवढ्या वेळात आबारावांनी छाती भरून दम घेतला. त्यांनी सूर पुन्हा उचलला, तसा महालिंगप्पानं पाय मागं घेतला.