आक्षेप आणि त्याचं उत्तर

नगरपालिकेचा हिशेब तपासायला आलेल्या लेखापरीक्षकसाहेबांना कोपऱ्यातली खोली मिळाली होती. टेबल डुगडुगायचं, पंखा नुसताच कुरकुरायचा. साहेबांची कशाबद्दल तक्रार नसायची. बायको म्हणायची, यांच्या पानात दगड वाढला तरी हे मीठ मागतील.

त्यांच्या खात्यात एक रीतच पडून गेली होती. लेखापरीक्षकाने आक्षेप लिहायचा, कार्यालयाने उत्तर द्यायचं, उत्तर पटलं की आक्षेप निकाली. पण कार्यालयातल्या मंडळींना उत्तर लिहिणं जमेल तर शपथ. आक्षेप वर्षानुवर्षं लोंबकळायचे आणि वरून बोलणी बसायची ती साहेबांना. मग त्यांनी सोपा मार्ग धरला. सकाळी आक्षेप लिहायचा आणि दुपारी चहा झाला की उत्तरही आपणच लिहून द्यायचं. लेखापालाने खाली सही ठोकली की झालं. कुणाच्या बापाचं काही जात नव्हतं.

त्या सकाळी एक बाई आली. तिचा नवरा अग्निशमन दलात होता. रंगाच्या गोदामाला आग लागली तेव्हा धुरात गुदमरून गेला. पालिका म्हणत होती, मास्क दिला होता, यानेच घातला नाही, निष्काळजीपणा नडला.

"साहेब, मास्क आलेच नव्हते," ती म्हणाली. "तोंडाला ओला रुमाल बांधून आत जायचे ते. भरपाईचं राहू द्या एक वेळ. पण जीव देऊन वर निष्काळजी ठरले. सासूबाईंनी त्या एका शब्दाने अंथरूण धरलंय."

"बघतो," साहेब म्हणाले.

आणि खरंच बघितलं. स्वतः उठून अग्निशमन केंद्रावर गेले, कपाट उघडायला लावलं. आत दोन झाडू आणि एक फुटकी बादली. मास्क आल्याची नोंद कुठे नाही, बिल मात्र पूर्ण चुकतं केलेलं. साहेबांनी परत येऊन खणखणीत आक्षेप लिहिला: मास्क मिळालेच नाहीत, रक्कम वसूल करावी.

दुपारी चहा आला. पाठोपाठ लेखापाल आला आणि कागद सरकवत म्हणाला, "साहेब, तेवढं उत्तराचं बघा ना. आमचं मेलं डोकंच चालत नाही."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. हात सरावाचा. मास्क मिळाले होते, नोंद नजरचुकीने राहिली, संबंधित कर्मचाऱ्याने मास्क घातला नव्हता, बाकीचे आगीत नष्ट झाले. लेखापालाने सही केली. साहेबांनी शेरा मारला: उत्तर मान्य, आक्षेप निकाली. मग उरलेला चहा प्यायले. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

ऑफिस सुटताना बाई जिन्यापाशी उभी होती.

"लिहिलंत?"

"लिहिलं. मास्क आले नव्हते, असं स्वच्छ लिहिलं. मग उत्तर आलं, मास्क होते, त्यांनी घातला नाही. ते मान्य झालं."

"असं उत्तर कुणी लिहिलं?"

खोटं बोलायचं साहेबांना सुचलंसुद्धा नाही. "मीच," ते म्हणाले. "उत्तरंही मीच लिहितो."

बाई रडली नाही, की तिने शिव्याही घातल्या नाहीत. "मग घरी चला," ती म्हणाली. "सासूबाईंना तुम्हीच सांगा. मला नाही जमणार."

साहेब गेले. खाटेपाशी स्टुलावर बसून त्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या, ऑफिसात सांगतात तशा, एकापाठोपाठ एक. म्हातारीने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे पोराने मास्क घातला नव्हता?"

"मास्क नव्हताच, आजी. मी कपाट बघून आलो."

"मग तसं लिही ना, बाबा."

"आता निकाली निघालंय," साहेब म्हणाले, आणि उठून चपला शोधू लागले.