खारूच्या पापण्या

मित्रांनो, माझे नाव ऐकताच तुमच्यापैकी काहींचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होईल. होऊ द्या, मला त्याची सवय आहे. मी एरंडेल तेलाचीच बाटली आहे. तपकिरी काचेची, तुमच्या मुठीत मावेल एवढी, आणि आता जुनी झालेली. माझे लेबल अर्धे सोलून निघाले आहे, झाकण चिकटून बसले आहे. तळाशी थोडे तेल उरले आहे, पण ते खवट झाले आहे. माझ्याशी बोलायला कुणी येत नाही, म्हणून तुम्ही भेटलात तर बोलून घेते. घाबरू नका, एरंडाचे गुऱ्हाळ लावणार नाही. एका मुलीची गोष्ट सांगते आणि थांबते.

माझ्यातले तेल एरंडाच्या ठिपकेदार बियांचे. दिसायला त्या इतक्या सुरेख की मुलांना खेळायला घ्याव्याशा वाटतात. पण पोटात गेल्या तर विष. म्हणून गिरणीतल्या बायका मुलांना पोत्यांजवळ फिरकू देत नसत. त्या बिया यंत्रात दाबल्या, तेल निघाले, ते गाळून गाळून स्वच्छ केले आणि माझ्यात भरले. माझ्या पोटात एक दाट, संथ धार आली. ती कधी घाई करत नाही. मला उलटे केलेत तरी थेंब विचार करकरून खाली येतो.

मग मी औषधाच्या दुकानात गेले. खोकल्याची औषधे हातोहात जात, मलमे जात, मी मात्र फळीच्या टोकाला धूळ खात होते. दुकानातली बाई फडक्याने मला पुसायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. तेवढाच मला माणसाचा स्पर्श.

एके दिवशी एक बाई आली. हात कोमट पाण्यात फार वेळ राहिल्यासारखे सुरकुतलेले. एका मोठ्या हॉटेलाच्या धुलाईघरात ती चादरी धुवायची आणि इस्त्री करायची. हीच खारूची आई.

"मुलीच्या पापण्या विरळ होत चालल्यात," ती म्हणाली. "बहीण म्हणते, एरंडेल लाव."

"लावतात लोक," दुकानातली बाई म्हणाली. "पण केस उगवतील अशी हमी मी देणार नाही. आहेत ते मऊ राहतील, इतकंच. आणि हे डोळ्यात घालायचं तेल नाही बरं का. आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दिवसभर थांबा. खाज सुटली, पुरळ आलं, तर विषय संपला. पण काय हो, पापण्या गळतायत कशाने, ते डॉक्टरांना दाखवलंत का?"

"दाखवीन. सुट्टी मिळाली की दाखवते."

ती सुट्टी लवकर काही मिळाली नाही.

त्यांचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. दोन खोल्या आणि एक न्हाणीघर. न्हाणीघरात बेसिनवर एक छोटे कपाट होते आणि त्याच्या दाराला आरसा होता. त्या कपाटात माझी रवानगी झाली. सोबतीला एक रिकामी पावडरची डबी आणि दात गेलेला कंगवा. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात ना, तशी मी त्या कपाटाची राणी झाले. राज्य मात्र अंधाराचे. कुणी दार उघडले की माझ्यापुरता दिवस उजाडायचा.

खारू तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. तिचे खरे नाव दुसरेच होते. पण ती बिस्किट दोन्ही हातांत धरून कडेकडेने कुरतडायची, म्हणून बाबांनी तिला खारू म्हणायला सुरुवात केली. बाबा जहाजावर कामाला होते. भर समुद्रात फोन लागत नाही. लागला तर आवाज तुटक यायचा, "खारू... ऐकू येतंय का... खारू?" आणि बंद पडायचा. या शहरात ती तिघे नवीनच आलेली. शाळेत तिची कुणाशी फारशी गट्टी जमली नव्हती.

पहिल्या दिवशी आईने खारूच्या कोपराच्या आत माझा थेंब लावला. दुसऱ्या दिवशी पाहिले, काही झाले नव्हते. मग रोज जेवण झाले की आई साबणाने हात धुवायची, खारूचा चेहरा धुवून पुसायची आणि तिला न्हाणीघरातल्या स्टुलावर बसवायची. माझ्यातला एकच थेंब बशीत घ्यायची, त्यात छोटा नवा ब्रश टेकवायची, जास्तीचे तेल कापसाला पुसायची.

"डोळे मीट. घट्ट नको, झोपल्यासारखे."

"गुदगुल्या होतात, आई."

"होऊ देत. हलू नकोस, नाहीतर आत जाईल."

मिटलेल्या पापणीच्या केसांवरून, वरून वरून, ती ब्रश फिरवायची. मग भुवयांवरून. उरलेले तेल टिपून घ्यायची. तेवढा वेळ ती काहीतरी सांगत असायची, कुठल्या चादरीच्या घडीत कुणाचा मोजा सापडला, इस्त्रीवाल्या मामांनी स्वतःचाच शर्ट कसा जाळला. खारू डोळे मिटून हसायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस तेच.

पण पापण्या काही दाट होईनात. उलट डाव्या डोळ्यावर मधोमध एक मोकळी जागा दिसू लागली. आई चिंतेने म्हणायची, "तेल तर रोज लावतोय. मग केस जातात कुठे?"

कुठे जातात ते मला ठाऊक होते. कपाटाचे दार नीट लागत नसे. बोटभर फट राहायची आणि त्या फटीतून मला बेसिन दिसायचे. शाळा सुटल्यावर आई कामावरून येईपर्यंत खारू घरी एकटीच असायची. थोडा वेळ फ्रीजची घरघर ऐकत बसायची, थोडा वेळ खिडकीत उभी राहायची, आणि मग न्हाणीघरात यायची. आरशाजवळ तोंड न्यायची. दोन नखांच्या चिमटीत पापणीचा एक केस धरायची आणि ओढायची.

सुरुवात मी यायच्या आधीची, पण साधी होती; खारू आरशाशी बोलायची, त्यातून मला ती कळली. एकदा एक पापणी आपोआप गळून तिच्या गालावर पडली होती. मुले करतात तसे तिने तो केस मुठीवर ठेवला, डोळे मिटून पुटपुटली, "बाबांचा फोन येऊ दे," आणि फुंकर मारली. योगायोग असा की त्याच संध्याकाळी फोन आला. दुसऱ्या दिवशी गळलेली पापणी मिळाली नाही, म्हणून तिने एक ओढून काढली. मग आणखी एक. पुढेपुढे इच्छा मागायचीही ती विसरली. नुसता हात डोळ्याकडे जायचा. कधी ती स्वतःच दचकून हात मागे घ्यायची आणि दोन्ही तळवे मांडीखाली दाबून स्टुलावर बसायची. थोड्या वेळाने एक हात हळूच सुटायचा. मी बघत राहायचे. बाटलीला तोंड असते, पण जीभ नसते.

मग आईला दुपारपासून रात्रीपर्यंतची पाळी लागली आणि तेल लावायचा वेळही गेला. आई यायची तेव्हा खारू झोपलेली असायची. "तूच लाव गं जरा हलक्या हाताने," असे ती सकाळी घाईघाईत सांगायची.

एक दिवस जहाजावरून निरोप आला. पुढच्या महिन्यात बाबा सुट्टीवर येणार होते. आई आनंदाने रडली. खारू आरशासमोर येऊन उभी राहिली आणि बराच वेळ आपल्या डोळ्यांकडे बघत राहिली. दोन्ही पापण्यांवर आता मोजके केस उरले होते.

"बाबा विचारतील," ती आरशाला म्हणाली.

थेंबाने होत नसेल तर भरपूर तेलाने होईल, असे तिला वाटले असावे. तिने मला बाहेर काढले. हात धुतले नाहीत. ब्रश कपाटात उघडाच पडून होता, त्यावर धूळ आणि जुने तेल चिकटलेले. तोच तिने सरळ माझ्या तोंडात बुडवला. तरी समाधान होईना, म्हणून मान मागे टाकून तिने मलाच डोळ्यावर उलटे केले. मी संथ आहे, पण शेवटी उतरतेच. तेल पापणीवरून डोळ्यात गेले.

"आई गं!"

तिला सगळे धुरकट दिसू लागले. घाबरून तिने डोळे मुठींनी चोळले. चोळल्याने डोळा लाल झाला, टोचू लागला, म्हणून तिने आणखी चोळला. मी तिच्या हातातून बेसिनमध्ये पडले. नशीब, फुटले नाही. ती भिंत चाचपडत बाहेर गेली आणि जिन्यातून तिचे रडणे खाली खाली जाताना मला ऐकू आले.

तळमजल्यावर शिंपीणकाकूंचे दुकान होते. गळ्यात मापाची फीत, केसांत टाचण्या, आणि बोलणे फटकळ. आजवर खारू त्यांच्या दुकानावरून मान खाली घालून जायची. आता काकू तिला हाताला धरून वर घेऊन आल्या.

"चोळू नकोस! आधी हात खाली. हे बघ, आंधळी-बिंधळी काही होत नाहीस, तेल गेलंय नुसतं. वाक इकडे."

त्यांनी स्वतःचे हात धुतले, पिण्याचे स्वच्छ पाणी आणले आणि खारूची मान कलती धरून डोळ्यावर सावकाश धार सोडत राहिल्या. "उघड-मीट कर. हां, अशी." मग धुलाईघरात फोन लावला, आईला डोळ्यांच्या दवाखान्यात यायला सांगितले, आणि डॉक्टरांना दाखवता यावे म्हणून मला आणि त्या ब्रशला पिशवीत टाकले.

दवाखान्यात मी टेबलावर उभी होते. आई धापा टाकत आली. डॉक्टरबाईंनी यंत्रातून खारूचे डोळे बराच वेळ पाहिले.

"चोळल्याने बुबुळावर बारीक ओरखडा आलाय. थेंब देते, भरून येईल. लगेच धुतलंत ते फार बरं केलंत." मग त्यांनी ब्रश उचलून दिव्यासमोर धरला. "हा मात्र फेकून द्या. आणि हे बाटलीतलं तेल डोळ्याजवळ पुन्हा नको. आता त्यात काय काय गेलंय कुणास ठाऊक."

"पण पापण्या गळतायत तिच्या, डॉक्टर. म्हणून तर..."

डॉक्टरबाईंनी आपली खुर्ची खारूच्या जवळ ओढली. "पापण्यांना सूज नाही, खपल्या नाहीत. केस मात्र वेगवेगळ्या उंचीवर तुटलेत. आपोआप गळणारे केस असे दिसत नाहीत. बाळा, मी रागावणार नाही. हात जातो का तिकडे?"

खारूने होकारार्थी मान हलवली. "थांबवायचं म्हटलं तरी जातो."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, मग मला सांगितलं का नाहीस? मी रोज तेल लावत बसले!"

"म्हणूनच नाही सांगितलं," खारू रडत म्हणाली. "तेल लावायचीस तेव्हा तू माझ्याजवळ बसायचीस."

आई उठली, पुन्हा बसली, आणि तिने खारूला पोटाशी धरले. "तेलाशिवाय बसले असते की गं, वेडे." शिंपीणकाकू उगाचच पिशवीत काहीतरी शोधत राहिल्या.

डॉक्टरबाई म्हणाल्या, की ही लबाडी नाही आणि हट्टही नाही, तिला ओरडून हे थांबणार नाही. मुलांशी बोलणाऱ्या एका समुपदेशक ताईंचा पत्ता त्यांनी दिला. ओढणे कमी झाले की केस बहुतेक परत येतील, वेळ लागेल, असेही सांगितले.

परत येताना काकू मला पिशवीतून काढायला विसरल्या. दुकानात पिशवी रिकामी करताना त्यांनी मला दोऱ्यांच्या फळीवर ठेवले आणि मी तिथेच राहिले. आईची पाळी लगेच बदलली नाही. पण शाळा सुटल्यावर खारू आता दुकानात येऊ लागली. काकूंनी तिला जुने कपडे उसवायला दिले.

"हात शिवशिवतात ना? मग ही शिवण ओढ. हवी तेवढी ओढ. फक्त कापड फाडू नकोस, नाहीतर तुलाच शिवायला लावीन."

खारू एकेक टाका सोडवायची. मधूनच हात डोळ्याकडे जायचा. काकू मान वर न करता म्हणायच्या, "टाका राहिला गं," आणि हात खाली यायचा. आठवड्यातून एकदा आई तिला ताईंकडे घेऊन जायची. बाबा आले, तेव्हा पापण्या पुरत्या आल्या नव्हत्या. त्यांनी विचारले. तिने सांगितले. जहाजावरचा तो दांडगा माणूस दुकानाच्या पायरीवर बसून लेकीच्या शेजारी एक अख्खा कोट उसवत बसलेला मी पाहिला आहे.

पुढे त्यांनी किनाऱ्यावरच काम धरले आणि ते कुटुंब दुसऱ्या गावी गेले. जायच्या दिवशी खारू काकूंना भेटायला आली. काकूंनी तिला एक दोऱ्याचे रीळ आवडीने निवडून न्यायला सांगितले. ती स्टुलावर चढली. तिचा चेहरा माझ्या अगदी जवळ आला. पापण्या आल्या होत्या, मऊ, काळ्याभोर. डाव्या डोळ्यावर मधोमध थोड्या तोकड्या. मला वाटले, आता ही मला ओळखील. तिने मला बोटाने बाजूला सरकवले, माझ्यामागचे निळे रीळ घेतले आणि खाली उतरली.

वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? त्यानंतर मला कुणी हात लावलेला नाही. काकू संध्याकाळी दुकान बंद करतात, आणि मी दोऱ्यांच्या मागे अंधारात असते.

मित्रांनो, माझ्यासारखी बाटली तुमच्या घरी असेल, तर मोठ्यांना विचारल्याशिवाय तिला डोळ्यांजवळ नेऊ नका. आधी कोपराच्या आतल्या बाजूला तपासा, स्वच्छ हाताने घ्या, थेंबभरच घ्या, डोळ्यात जाऊ देऊ नका. गेलेच तर चोळू नका, पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा. एकाचा ब्रश दुसऱ्याने वापरू नका. जुने, खवट तेल फेकून द्या, मलाही फेकले तरी चालेल. पण आणखी एक मागणे आहे. तुमच्या घरात कुणी दार लावून आरशासमोर फार वेळ उभे असेल, तर एकदा दार वाजवा. "काय करतेस गं?" एवढे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा.