काचपट्टीचा न्याय

बाहेर टळटळीत दुपार होती, पण सभागृहाच्या खिडक्यांना काळे पडदे लावून आत अंधार केला होता; उजेड म्हणून मंचावर एक समई तेवढी तेवत होती. मंचासमोर एक म्हातारा हातात काचेची पट्टी धरून उभा होता. बघता बघता पट्टीत दाबलेली पिवळी भुकटी हिरवीगार पेटली.

"निष्पाप!" मंचावरचे तेजबाबा गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी तर हुंदके देऊन रडू लागलं.

"हे विश्वाच्या नाभीतलं क्वांटम तेज आहे, बाळांनो! शास्त्रज्ञ कोटींची यंत्रं लावून शोधतात, आम्ही नुसता श्वास लावतो!"

श्वास नेमका कुठे लावतात, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मागच्या रांगेत एक रसायनशास्त्रज्ञ बाई आपल्या दादाशेजारी बसली होती. पुढची पाळी तिच्या वहिनीची होती. मागच्या महिन्यात तिची आणि दादाची आई झोपेतच गेली. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. औषधात घरातल्याच हाताने विष कालवलं, असं तेजबाबा म्हणाले, आणि दादाला त्यांचं पटलं. आज पट्टी काळी राहिली, तर तो बायकोला घराबाहेर काढून लेकीला ठेवून घेणार होता.

"दादा, अरे वहिनीनेच आईचं सगळं केलं ना?"

"मग घाबरतेस कशाला? पट्टी खोटं बोलत नाही," दादा डोळे चोळत म्हणाला. तो दर आठवड्याला पहिल्या रांगेत बसायचा. आज बहिणीसाठी मागे आला होता.

सेवकाने दुसऱ्या तबकातली पट्टी उचलून वहिनीच्या हातात दिली. तेवढ्यात मंचाच्या पडद्यामागून कुणीतरी हळूच म्हणालं, "डोळे!" आणि रसायनशास्त्रज्ञ बाईचा हात आपसूक कपाळाकडे गेला, चष्मा खाली ओढायला.

चष्मा अर्थातच नव्हता. तो तिच्या प्रयोगशाळेच्या दाराशी खुंटीवर होता. तिथे लेसर सुरू करण्याआधी "डोळे!" अशी हाक द्यायची, की सगळे चष्मे चढवतात. इतक्या वर्षांची सवय ती. तिने मंचाकडे पाहिलं. बाबा आणि दोन्ही सेवक हिरवट काचांचे 'तेजचष्मे' चढवत होते. ती उठून उभी राहिली.

वहिनीची पट्टी काळीच राहिली.

"पापीण!" बाबा म्हणाले. ते ओरडले नाहीत, नुसते म्हणाले, आणि ते जास्त भयंकर होतं. खुर्च्या सरकल्या, माणसं उठली. कुणीतरी दाराला आतून कडी घातली. वहिनी हातातली पट्टी उलटसुलट करून बघत राहिली. आपलं काय चुकलं ते काचेवर लिहिलं असेल, असं तिला वाटलं असावं.

रसायनशास्त्रज्ञ बाई गर्दीत घुसली. "आजोबा, तुमची पट्टी वहिनीला द्या. तिची तुम्ही घ्या."

"स्पर्शाने तेज बाटेल!" बाबा कडाडले.

"घे गं पोरी," म्हातारा म्हणाला. "बाटलं तर बाटलं."

वहिनीच्या हातात म्हाताऱ्याची पट्टी हिरवी पेटली. म्हाताऱ्याच्या हातात वहिनीची काळी राहिली.

"आता मी पापी झालो का?" त्याने विचारलं. दोनचार जण हसले, आणि त्या हसण्याने गर्दीचा जोर ओसरला.

"तेज चंचल असतं," बाबा चाचरले.

"चंचल काही नाही. सगळे डोळे मिटा!" तिने पडद्याकडे पाठ केली, अंगावरचा प्रयोगशाळेचा कोट काढला आणि पडद्यातल्या एका बारीक भोकासमोर धरला. "आता उघडा!" वहिनीच्या हातातली पट्टी विझली होती. तिने कोटाच्या खिशातलं, न दिसणारा किरण दाखवणारं केशरी कार्ड भोकाशी नेलं. त्यावर लखलखीत ठिपका उमटला. "हा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण इथून सारखा येतोय."

दोघातिघांनी पडदा ओढला. मागे लेसरची पेटी होती. ती चालवणारा मागच्या दाराने पसार झाला होता.

"भुकटी एकच आहे," ती म्हणाली. "तिच्या रेणूचं एक टोक इलेक्ट्रॉन देतं, दुसरं ओढतं. सगळे रेणू एका दिशेला तोंड करून बसले, तर न दिसणारा किरण आत जातो आणि हिरवा होऊन बाहेर येतो. जोडीजोडीने उलटे बसले, तर एकमेकांना खोडून टाकतात आणि पट्टी काळी राहते. म्हणून तर दोन वेगळी तबकं. विजेचे संकेत प्रकाशात बदलणारी उपकरणं करायला आम्ही हेच करतो. रेणूंना एका दिशेला बसवता बसवता आमचे केस पिकतात, आणि तुम्ही सगळे आपणहून बसलात! कुणाला पापी म्हणण्याआधी पडद्यामागे काय आहे एवढं तरी विचारा."

दादा मान खाली घालून उभा होता. "मला वाटलं..." तो म्हणाला. वहिनी त्याच्याकडे बघतही नव्हती.

रसायनशास्त्रज्ञ बाईचं बोलणं मात्र संपलं नव्हतं. तिने खिडक्यांचे पडदे उघडायला लावले. ऊन आत आलं आणि तिचा आवाज उतरला.

"पट्टीतून उरलेला किरण थेट पहिल्या रांगेवर पडायचा. तो दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही, आणि डोळा आतून भाजतो, न दुखता. म्हणूनच त्यांचे चष्मे. आता खरं सांगा. कुठेही पाहिलं तरी मधोमध एक काळा डाग दिसतो, असं कुणाकुणाला होतंय?"

आधी म्हाताऱ्याने हात वर केला. पहिल्या रांगेतून एकेक हात वर येऊ लागला.

दादाने हात वर केला तो सगळ्यात शेवटी. वहिनी त्याच्याजवळ गेली, तिने त्याचा तोच हात धरला, आणि दार कुठे आहे ते त्याला दाखवत बाहेर डॉक्टरांकडे घेऊन गेली.