नगण्य उल्लेख

टाचणीचा गंज नेमका त्याच्या गुडघ्यावर उतरला होता – तांबूस, मुगाच्या दाण्याएवढा डाग – आणि तिने तो खोडरबराने घासून पाहिला, पण कागदात मुरलेला गंज काही निघेना, आणि निघून तरी काय, हे नुसतं प्रूफ होतं. पान एकशे त्रेचाळीस. फोटोत तीन माणसं. डावीकडे गिर्यारोहण मंडळाचे संस्थापक, मध्ये त्यांचे डॉक्टर मित्र, आणि उजवीकडे खांद्यावर दोराचं वेटोळं घेतलेला, अनवाणी, कॅमेरा सोडून भलतीकडेच बघणारा तिसरा. खाली ओळ होती : 'दादासाहेब व डॉक्टर, स्थानिक वाटाड्यासह.' हा तिसरा माणूस म्हणजे तिचे वडील.

पाच वाजेपर्यंत सूची द्यायची होती. प्रकाशनसंस्थेच्या मागच्या खोलीत, जिथल्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप तेवढे दिसतात, तिथे बसून ती सव्वीस वर्षं पुस्तकांच्या सूच्या करत आली होती – शेवटची ती बारीक टायपातली पानं, कुठलं नाव, कुठला विषय कुठल्या पानावर आलाय ते सांगणारी, जी वाचक सोडून देतात आणि लेखकाचे मित्र मात्र सगळ्यात आधी उघडतात, आपण आहोत की नाही ते बघायला. ऑफिसात तिला सूचीबाई म्हणत. तिला ते नाव आवडायचं नाही, आणि हे तिने कुणाला कधी सांगितलंही नव्हतं.

पुस्तक चांगलं होतं, हीच तर पंचाईत. वाईट असतं तर नाक मुरडून चार दिवसांत हातावेगळं केलं असतं. पण प्राध्यापकांनी जीव ओतून लिहिलं होतं : निसर्ग म्हणून आपण जे बघायला जातो ते आधी कुणीतरी रिकामं केलेलं असतं, सुटीच्या दिवशी शहरातून येणारे लोक डोंगर 'शोधून काढतात', मग त्यांची मंडळं, त्यांचे बूट, त्यांच्या शांततेच्या गप्पा, मग राखीव उद्यान, मग फाटक, आणि फाटकाच्या आत पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस एका सकाळी अतिक्रमण ठरतो. वाचताना तिने तीन-चारदा मान डोलावली होती. अगदी बरोबर, सर... पण संस्थापकांच्या नावापुढे एकवीस पानांचे आकडे झाले, त्यांच्या कुत्र्याचेसुद्धा दोन झाले, आणि इतक्या कळवळ्याने लिहिलेल्या दोन प्रकरणांत डोंगरावर राहणाऱ्या एकाही माणसाला नाव नव्हतं. त्यांच्यासाठी सगळी मिळून एकच नोंद होत होती – 'स्थानिक'.

आणि पुढे पान दोनशे अकरा. ते तिने काल दुपारी वाचलं आणि तेव्हापासून तिला जेवण गोड लागलं नव्हतं. तिथे प्राध्यापकांनी सरकारी फायलीतला एक कागद छापला होता. उद्यानाची हद्द आखणाऱ्या अधिकाऱ्याने डोंगरावरच्या वस्तीपुढे शेरा मारला होता : 'वस्ती नाही. पिण्याच्या पाण्याचे ठिकाण.' हे त्याने स्वतः वर चढून पाहिलं नव्हतं. टेबलावर बसून डोंगरवाटांच्या एका जुन्या मार्गदर्शिकेच्या सूचीवरून उतरवलं होतं. त्या सूचीत वस्ती स्वतंत्र नव्हतीच – ती 'पाणी, पिण्याचे' या नोंदीखाली होती, पान सत्तावन्न. 'एका अनामिक सूचीकाराने,' प्राध्यापक लिहितात, 'चाळीस उंबऱ्यांचे गाव एका घोटात संपवले.'

अनामिक. मीच ती. माझी पहिली सूची.

जुने सूचीकार, ज्यांच्या हाताखाली ती शिकली, ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, पानावर आहे तेवढंच घ्यायचं, पोरी, आपण लेखक नव्हे. आणि सत्तावन्न पानावर होतं तरी काय – 'वस्तीत बारमाही पाणी मिळते.' मग पाण्याखालीच घेणार ना? नियमाने घेतलं. काल रात्री अंथरुणावर आणि आज सकाळी बसमध्ये तिने स्वतःला हेच सांगून पाहिलं होतं, नियमाने घेतलं, नियमाने घेतलं... पण त्या पानावर आणखी एक वाक्य होतं. 'वस्तीतला शिट्टीवाला धुक्यातही वर घेऊन जातो.' सगळा डोंगर बाबांना शिट्टीवाला म्हणायचा. धुक्यात वाट चुकलेल्या सुटीवाल्यांना ते तोंडात दोन बोटं घालून शिट्टीवर खाली उतरवत, दीडशे-दोनशे माणसं तरी त्यांनी अशी उतरवली असतील. सूचीच्या धंद्यात ज्या उल्लेखाला नोंदीची गरज नाही त्याला नगण्य उल्लेख म्हणतात, आणि तो कुठला हे सूचीकाराने ठरवायचं असतं. तिने ठरवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हात धरला नव्हता. तेविसावं वर्ष, नवी नोकरी, इस्त्रीची साडी, आणि ऑफिसात कुणालाही माहीत नव्हतं की ही त्या डोंगरावरची, शेणाने सारवलेल्या घरातली. नोंद केली असती तर कुणीतरी सहज विचारलं असतं, हा कोण गं शिट्टीवाला? लाज वाटली. दुसरं काही नाही, बापाची लाज वाटली मला.

पुस्तक छापून आलं तेव्हा ती एक प्रत घेऊन वर गेली होती. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं, वाचता येत नव्हतं तरी शेवटच्या पानांवर बोट ठेवलं, कारण ती लेकीने केलेली होती, आणि विचारलं, "ह्यात आपण कुठे गं?" तिने 'पाणी' दाखवलं. ते हसले. "बरं आहे, तहान लागल्यावर तरी आठवतात." तीही हसली होती. नऊ वर्षांनी वस्ती खाली सपाटीवर आणून पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगांत बसवली. त्यानंतर बाबा एकदाच वर जायला निघाले, तर फाटकावरच्या रखवालदाराने त्यांच्याकडे तिकीट मागितलं. ते तसेच मागे फिरले आणि पुढे मरेपर्यंत अकरा वर्षं दारात बसताना डोंगराकडे पाठ करून बसत. तिला वाटायचं, गुडघ्यांमुळे बसत असतील तसे.

साडेतीन वाजता तिने प्राध्यापकांना फोन लावला. सूचीबाईने लेखकाला परस्पर फोन करायची पद्धत नव्हती.

"सर, एकशे त्रेचाळीसवरच्या फोटोतला तिसरा माणूस कोण?"

"तो? वाटाड्या आहे. नाव कुठे नोंदलेलं नाही हो."

"नोंदलेलं नाही, की कुणी विचारलं नाही?"

ते मोकळेपणाने म्हणाले, "खरं आहे तुमचं. पण माझा रोख व्यक्तींवर नाहीच, समूहावर आहे."

"दादासाहेब एकवीस पानांवर आहेत, सर. त्यांचा कुत्रा दोन पानांवर आहे."

आणि मग तिने सांगून टाकलं – ते माझे वडील, त्यांना शिट्टीवाला म्हणत, आणि दोनशे अकरावरचा तुमचा अनामिक सूचीकार मी. एका दमात, सामानाची यादी वाचून दाखवावी तसं. आता ते चिडतील, किंवा ओशाळतील, असं तिला वाटलं होतं, पण ते हरखलेच. "अहो, हे तर विलक्षण आहे! तुमची मुलाखतच घ्यायला हवी. पुढच्या आवृत्तीत एक स्वतंत्र परिशिष्ट –"

"पुढच्या नाही, सर. आज. पाच वाजता पानं जातात."

"पण पुरावा लागेल ना काहीतरी..."

"फोटो तुम्हीच छापलाय," ती म्हणाली, आणि फोन आपण आधी ठेवला हे तिला ठेवल्यानंतर कळलं.

मग तिने लिहिलं. आडनाव आधी घ्यायचं असतं, पण बाबांचं आडनाव वस्ती खाली हलवताना एका कारकुनाने यादीत बसवलेलं होतं, त्याखाली त्यांना कुणी शोधणार नव्हतं. 'शिखर-मोहिमा'नंतर आणि 'शिबिरे'च्या आधी तिने घातलं : 'शिट्टीवाला, वाटाड्या – १४३ (छायाचित्र).' एवढंच करून गप्प राहिले तर पुन्हा तेच झालं, पुन्हा इस्त्रीची साडी... तिने स्वतःचं नाव घातलं, रीतीप्रमाणे आडनाव आधी, मग 'सूचीकार – २११.'

पावणेपाचला संपादक आले. तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, भला माणूस. उभ्या उभ्या पानं चाळताना त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"बाई, सूचीत टोपणनाव?"

"दादासाहेबांनाही आपण 'दादासाहेब'खालीच घेतलंय."

"आणि हे दोनशे अकरा... हे तुम्ही?"

"मीच."

त्यांनी खुर्ची ओढली, बसले नाहीत. "मला सरांशी बोलावं लागेल. कदाचित दोन्ही काढावी लागतील. तुम्हीच काढून देता का, म्हणजे विषय वाढणार नाही?"

सव्वीस वर्षांत तिने अशा वेळी 'देते' म्हटलं होतं, न चुकता, वरून चहासुद्धा मागवला होता.

"मी नाही काढणार," ती म्हणाली. "काढायचं तर तुम्ही काढा. तुमच्या हाताने."

ते पानं घेऊन गेले. बाहेरच्या खोलीत त्यांचा फोनवरचा आवाज बराच वेळ येत राहिला, शब्द कळत नव्हते. काढतील बहुतेक. काढू देत... पण काढायला आता कुणालातरी पेन उघडावं लागणार होतं, शिट्टीवाला हे सबंध नाव वाचून त्यावर रेघ ओढावी लागणार होती. तिला तेव्हा रेघसुद्धा ओढावी लागली नव्हती, नुसतं लिहायचं राहू दिलं की झालं. साडेपाच झाले, लोक डबे आवरून निघाले, तिची बस चुकली. ती उठली नाही. कुणीतरी येऊन विचारावं, हा कोण हो शिट्टीवाला, म्हणून ती दाराकडे तोंड करून बसून राहिली.